दोन पत्र्यांमधली रेघ

मराठी लिहायला बसलं की मला अजून घाम फुटतो. शाळा कॉन्व्हेंटची ना! पण ही गोष्ट आजोबांची आहे, म्हणजे मराठीतच सांगायला हवी.

आजोबा ओझरच्या एचएएलमध्ये फिटर होते. सगळी नोकरी मिग-२१ च्या ओव्हरहॉलवर. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हा ते टीव्हीसमोरून न बोलता उठून गेले. मी ठरवलं, दिवाळीला त्यांना मिगचं मॉडेल द्यायचं. १:७२ मापाचं, माझ्या हातचं.

जोडणी झाली, अ‍ॅक्रिलिक रंग झाला. मग येतो ‘वॉश’. गडद तपकिरी इनॅमल टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचं आणि पत्र्यांच्या खोबणीला ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं. रंग आपोआप रेघेतून पळत सुटतो... फ्लुइड मेकॅनिक्समध्ये घोकलेली कॅपिलरी अ‍ॅक्शन मला तिथे कळली! मात्र त्याआधी चकचकीत वार्निशचा हात द्यावा लागतो. सबमिशनच्या घाईत मी तो दिलाच नाही. मॅट रंगाने वॉश टिपकागदासारखा शोषला आणि पंखभर डाग! पुन्हा रंग, वार्निश, वॉश. अर्ध्या तासाने थिनरमध्ये किंचित ओलावलेल्या कापसाच्या काडीने नाकाकडून शेपटीकडे पुसलं, कारण खरा मळही वाऱ्याबरोबर मागेच ओढला जातो. एकूण एक रेघ उठून दिसायला लागली. मी खूश!

आजोबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, “एवढं मळकं विमान इन्स्पेक्टरने पास केलं असतं होय रे?”

माझा चेहरा पडला. मग त्यांनीच विचारलं, “ही फट केवढी?” मी म्हटलं, ०.२ मिलिमीटर. त्यांनी मनातल्या मनात ७२ ने गुणलं. “म्हणजे चौदा मिलिमीटर! मला घरीच बसवलं असतं.” दोघंही हसलो.

“रेघ काळी कुठे होते? जिथे माणसाचा हात जातो तिथे,” ते सांगू लागले. पंखांच्या मागे बोट ठेवलं. “इंजिन काढायचं तर अख्खी शेपूट इथून सुटी करायची. हा जोड काळा ठेव. बाकीचे पत्रे रोज कोण उघडतंय?”

मग आम्ही दोघांनी मिळून पुसायला घेतलं. त्यांचा हात थरथरत होता, पण काडी रेघेबाहेर गेली नाही. रात्री अकरापर्यंत ते कामाबद्दल बोलत होते. वीस वर्षांत मी ते कधी विचारलंच नव्हतं.

सगळ्या रेघा सारख्या काळ्या करणं सोपं असतं, मित्रांनो. कुठली ठेवायची आणि कुठली पुसायची, हे मात्र ज्याने काम केलंय त्यालाच विचारावं लागतं. वेळेवर विचारा, एवढंच.