पेरभर मलम

आमच्या घरात ‘खाजवू नको’ या वाक्याला बंदी आहे. आजी, मामा, शेजारच्या काकू, कुणाच्याही तोंडी ते आलं की बायको डोळ्यांनीच दटावते. माझ्या मुलाला तान्हेपणापासून इसब आहे. खाज सुटलेल्या पोराला असं सांगून काडीचा उपयोग होत नाही. मोठी माणसं आपल्यावर चिडली आहेत एवढंच त्याला कळतं आणि मग तो पांघरुणाखाली लपून खाजवतो. म्हणून आम्ही ‘दाब’ म्हणतो. खाजेच्या जागी तळवा ठेवून घट्ट दाबायचं, नाहीतर थोपटायचं. नेहमी जमतंच असं नाही, पण हातांना काहीतरी काम मिळतं आणि नखं कातडीपासून लांब राहतात.

तिसऱ्या महिन्यात गालांवर लाल चट्टे उठले तेव्हा आई चिपळूणहून पुण्याला आलेली होती. “दुधाचं आहे रे, दात आले की जाईल,” ती म्हणाली. बाळाची अंघोळ तिच्याकडेच होती. आधी खोबरेल, मग मसुराच्या डाळीचं पीठ लावून चोळणं, मग कढत पाणी, शेवटी शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी. डॉक्टरबाईंनी यातलं खोबरेल तेवढं ठेवलं आणि बाकी सगळं बंद करायला सांगितलं. आईचा चेहरा पडलेला पाहून त्या तिच्याशीच बोलायला लागल्या. “आजी, गावाकडे पावसाआधी कौलं शाकारता ना? याच्या अंगावरची कौलं मुळातच सरकलेली आहेत. आतली ओल बाहेर जाते, बाहेरचं नको ते आत येतं. तेव्हा याची शाकारणी रोज करायची, तीही दोनदा.” आईला ते पटकन पटलं. आम्हाला मात्र शास्त्र हवं होतं, तेही मिळालं. कातडीच्या वरच्या थरात फिलाग्रिन नावाचं प्रथिन असतं. ते थर बांधून ठेवतं आणि त्यातली ओल टिकवतं. काही मुलांमध्ये त्याच्या जनुकातच बिघाड असतो आणि त्याचा इसबाशी संबंध आहे, हे २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. सगळ्याच मुलांमध्ये हा बिघाड सापडतो असं नाही. पण दृष्ट, आईच्या खाण्यातलं वांगं आणि ‘अंगातली उष्णता’ यांच्यावरचा आळ त्या दिवशी आमच्यापुरता तरी उठला.

शाकारणी म्हणजे काय, तर कोमट पाण्याची पाच-दहा मिनिटांची अंघोळ, साबण नावापुरता, तोही बिनवासाचा. मग टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. आणि अंग ओलसर आहे तोवर, दोन-तीन मिनिटांच्या आत, डोक्यापासून पायापर्यंत ओलावा धरून ठेवणारं जाडसर मलम. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात न्हाणीघरातून निसटलेलं नागडं पोर, त्याच्यामागे डबा घेऊन मी, आणि फरशीवर घसरू नये म्हणून ओरडणारी बायको. डब्यात बोटं घालायची नाहीत, धुतलेल्या कोरड्या चमच्याने काढायचं, नाहीतर बोटांवरचे जंतू डब्यात जातात. मलम लव जिकडे झुकते त्या दिशेने वरून खाली पसरायचं, रगडायचं नाही. आठवड्याला शंभर ग्रॅम तरी संपलं पाहिजे, असं बाईंनी सांगितलं होतं. पहिला मोठा डबा बघता बघता रिकामा झाला तेव्हा मी घाबरून किंमत बघितली. त्यावर त्या म्हणाल्या की महागडंच हवं असं काही नाही. वास-रंग नसलेली साधी पेट्रोलियम जेलीसुद्धा चालेल, फक्त हात आखडू नका.

खरी अडचण दुसऱ्या मलमाची. इसब उसळलं की कातडी लाल, खरखरीत होते, कधी लस येते. तेव्हा नुसत्या ओलाव्याने भागत नाही, सूज उतरवायला स्टेरॉइडचं मलम लागतं. हा शब्द घरात आला आणि फोन सुरू झाले. आईचं म्हणणं होतं, “अंगावरचं दाबलं की ते आत जातं. आपल्या वाडीतल्या त्या पोराचं इसब मलमाने घालवलं आणि त्याला दमा लागला. विसरलास का?” मी विसरलो नव्हतो. मुलगा मलाही आठवत होता. बाईंना तसं सांगितल्यावर त्या हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्या म्हणाल्या, आजींनी पाहिलं ते खरंच आहे. लहानपणी इसब, पुढे नाक वाहणं आणि दमा, अशी साखळी बऱ्याच मुलांमध्ये दिसते. पण इसब दाबल्याने दमा होत नाही, दोन्हींचा कल एकाच मुलात असतो. इसब आधी उगवतं आणि दमा नंतर, म्हणून एकामुळे दुसरं झालं असं वाटतं. आईच्या पिढीने डोळे उघडे ठेवून पाहिलेली गोष्ट आणि तिने लावलेलं कारण, या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगणारे डॉक्टर थोडे.

मी चाकणला मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. दिवसभर मापं घेतो. त्यामुळे ‘पातळ थर लावा’ या सूचनेने माझं समाधान होत नव्हतं. पातळ म्हणजे किती? याला माप आहे आणि ते फार सुंदर आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून मलमाची एक रेघ काढायची. ती भरते साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं मलम बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. तीन ते पाच वर्षांच्या मुलाच्या एका अख्ख्या हाताला दोन पेरं लागतात, पायाला तीन. कोपराच्या खोबणीला आणि गुडघ्यामागच्या लवणीला मिळून अर्धं पेरही पुष्कळ होतं. बाई म्हणाल्या की बहुतेक आईबाप तिखटाच्या भीतीने चिमूट घालावी तसं मलम लावतात, दोन दिवसांत थांबवतात, आणि मग औषध लागूच पडत नाही म्हणून डॉक्टर बदलतात. आमचा क्रम ठरलेला आहे. उसळी आली की दिवसातून एकदा, कातडी हाताला गुळगुळीत लागेपर्यंत. नुसती लाली गेली म्हणून थांबायचं नाही, डोळे मिटून बोट फिरवून पाहायचं. मग नेहमी उसळणाऱ्या त्याच जागांवर आठवड्यातून दोनदा. दोन मलमांच्या मध्ये अर्धा तास. चेहऱ्याला वेगळं, सौम्य मलम.

स्टेरॉइडला भ्यायचंच असेल तर चिठ्ठीशिवायच्या स्टेरॉइडला भ्यावं. आमच्याच एका नातेवाइकाने “हे लाव, दोन दिवसांत साफ” म्हणून एक ट्यूब हातात ठेवली. मेडिकलमधून कोणतीही चिठ्ठी न दाखवता आणलेली. मागची बारीक अक्षरं भिंगाने वाचली. त्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोल, म्हणजे या मलमांतलं सर्वांत जहाल. पोराच्या गालाला ते महिनाभर लागलं असतं तर कातडी पातळ होऊन शिरा दिसायला लागल्या असत्या. असली मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने २०१८ मध्ये त्यांना शेड्यूल एचमध्ये घातलं. दुकानात काय चालतं ते आपण सगळे पाहतोच. ती ट्यूब मी गोड बोलून ठेवून घेतली आणि कचऱ्यात टाकली.

दिवस कसाही निघतो. इसबाचं खरं घर रात्र आहे. पांघरुणात अंग तापलं की खाज चढते. झोपेत टाचेने चादर घासल्याचा एक आवाज असतो, खर्र, खर्र, आणि मी कितीही थकलेलो असलो तरी त्याने जागा होतो. उशीच्या अभ्र्यावर सकाळी रक्ताचे ठिपके. “बाबा, आतून खाजतंय,” तो म्हणतो, आणि आतून म्हणजे नेमकं कुठून हे त्याला बोट ठेवून दाखवता येत नाही. एप्रिलमध्ये पंखा आणि मलमलची चादर, थंडीत गोधडी पण आत सुती पूर्ण बाह्यांचा सदरा. आत्याने हौसेने विणलेला लोकरी स्वेटर सदऱ्यावरून घालायचा, नुसत्या अंगावर कधीच नाही. रविवारी तो झोपलेला असताना बायको नखं कापते आणि कानशीने कडा घासते. अगदीच वाईट उसळी असली तर बाईंनी शिकवलेला ओला सदरा. मलम लावून झालं की जुना सुती सदरा कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, तो अंगात आणि त्यावर कोरडा. पहिल्यांदा आई कळवळली, “न्यूमोनिया होईल रे पोराला!” त्या रात्री पोर पहाटेपर्यंत गाढ झोपलं. आईच फक्त दर तासाला उठून त्याच्या कपाळाला हात लावून पाहत होती. हे मात्र डॉक्टरांना विचारून आणि थोडे दिवसच करायचं. लस किंवा पू असेल तर मुळीच नाही.

पाण्याबद्दल आमच्या सोसायटीत प्रत्येकाचं मत आहे. उन्हाळ्यात टँकर, एरवी अर्धं बोअरचं. नळाच्या तोट्यांवर पांढरे क्षार बसतात. एक विक्रेता पाणी मऊ करायचं यंत्र घेऊन आला आणि पोराचे हात पाहून आणखी जोरात बोलायला लागला. इंग्लंडमध्ये नेमका याच प्रश्नावर ३३६ मुलांवर अभ्यास झाला होता. काही घरांत बारा आठवडे असं यंत्र बसवून पाहिलं आणि २०११ साली निष्कर्ष आला, इसबात फरक नाही. विक्रेत्याला चहा दिला आणि पैसे वाचवले.

खाण्याचंही तसंच. अंडं बंद, शेंगदाणे बंद, दूध बंद, वांग्याला तर हात लावायचा नाही. सल्ला देणाऱ्यांची यादी ऐकली तर पोराला वरण-भातावर वाढवावं लागलं असतं. बाईंचा नियम साधा होता. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तासा-दोन तासांत गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली, तर तो पदार्थ थांबवा आणि माझ्याकडे या. असं काही होत नसेल तर वाढत्या मुलाचं खाणं उगाच काढून घेऊ नका. आमच्याकडे तसं कधी झालं नाही. तो चिपळूणला बांगडा चाटूनपुसून खातो. तिथली त्याची अडचण वेगळीच, मे महिन्यातला घाम. पुण्याच्या थंडीत कोरडेपणाने उसळतं आणि कोकणच्या उन्हाळ्यात घामाने, म्हणून ‘हवापालट करा’ म्हणणाऱ्यांना मी विचारतो, कुठे आणि कोणत्या महिन्यात?

घाबरायचं कधी, हे बाईंनी लिहून दिलेला कागद फ्रिजवर आहे. मधासारखी पिवळी खपली धरली, लस वाढली तर दोन दिवसांत दाखवणे. अचानक एकसारखे बारीक पाण्याचे फोड घोळक्याने आले, त्यांच्या खोल गोल खळ्या पडल्या, सोबत ताप आणि दुखणं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. हा नागिणीच्या भावकीतला विषाणू. काहींना तापानंतर ओठाच्या कडेला फोड येतात, ते त्याचेच. निरोगी माणसाला किरकोळ, पण उघड्या कातडीच्या पोराच्या अंगभर पसरू शकतो. गणपतीत मामा आला तोच ओठावर असा फोड घेऊन. बायकोने सख्ख्या भावाला दारातच सांगितलं, “पापी घ्यायची नाही.” तो रुसला. मोदकांपर्यंत निवळला.

लोक अजून विचारतात, मुळापासून जाणारं काही नाही का? तशी हमी देणारे आम्हाला पुष्कळ भेटले, त्यांच्या पुड्याही भेटल्या. बाईंनी तशी हमी कधी दिली नाही. बऱ्याच मुलांचं मोठेपणी कमी होतं, काहींचं राहतं, तोवर ताब्यात ठेवू, एवढंच त्या म्हणाल्या. मापाने काम करणाऱ्या माणसाला हे बोलणं विश्वासाचं वाटतं.

सध्या प्रश्न पोहण्याचा आहे. वर्गातली सगळी मुलं उन्हाळ्यात शिकायला जाणार आहेत. बायकोला क्लोरीनची धास्ती आहे, मला आमच्या पोराने काठावर बसून बघत राहण्याची. बाई म्हणाल्या, उसळी नसेल तर खुशाल जाऊ दे. आधी मलमाचा एक थर, बाहेर आल्या आल्या साध्या पाण्याने अंघोळ आणि ओल्या अंगावर पुन्हा मलम. फॉर्म भरलाय. शिकवणाऱ्या सरांना भेटून इसब संसर्गाचं नाही, हेही सांगून आलो. शाळेत पूर्वी एका मुलाने त्याचा हात धरायला नकार दिला होता, म्हणून ते आधीच सांगितलेलं बरं. आता पोहायच्या पिशवीत मावेल असा झाकण घट्ट बसणारा लहान डबा शोधतोय.