इंद्रायणीच्या वरच्या अंगाला

३ जुलै, गुरुवार
सकाळी लोणावळा स्टेशनात. मुंबईहून येणारी गाडी लागली की फलाटावर चिक्कीवाल्यांची धांदल उडते. मी शेवटच्या डब्यामागे गेलो. कर्जतला मागून लावलेली बँकर इंजिनं इथं सुटतात. भर पावसात पॉइंट्समन डबा आणि इंजिनाच्या मध्ये वाकला, होसपाइप सोडला, फुस्सकन हवा गेली, मग कपलिंग निघालं. सदतिसास एक चढावर ज्यांनी गाडी रेटत आणली, ती इंजिनं मागे राहिली. खिडकीतून कुणी वळूनही पाहिलं नाही.

बोरघाटातला हा रेल्वेमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथं आला आणि थोड्याच दिवसांत आजारानं गेला. बायको ॲलिसनं कंत्राट पुढे चालवलं. तिचं नाव पुस्तकांत आलं, यायलाच हवं. कॉलऱ्यानं मजूर हजारोंनी मेले, ते मात्र आकड्यातच राहिले. घाटातून जाताना मला हे दरवेळी सलतं.

६ जुलै, रविवार
आषाढी एकादशी. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. हे धरण सहलीसाठी नव्हे, वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून रेल्वेनं बांधलं. पुढे घाटात वीज आली, १ जून १९३० ला डेक्कन क्वीन धावली. इंजिनांची तहान संपली, पाणी राहिलं. सांडव्यावरून उतरते ती इंद्रायणीच, देहू-आळंदीची. पायरीच्या खाचेत वेफर्सची पाकिटं, बाटल्या, कणसांची बुरकुंडं. पालख्या पंढरीत पोचल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे पाहून फार संताप आला.

८ जुलै, मंगळवार
लोकलनं कामशेतला उतरलो. नदीकाठच्या खाचरांत आवणी चाललेली. चिखलात वाकलेल्या मावशींना विचारलं, आंबेमोहर लावता का?

"थोडा, घरापुरता. उंच वाढतो, वाऱ्यानं आडवा पडतो. बाकी सगळा इंद्रायणी."

हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचं, नाव नदीचंच. मावशींनी बांधावरचा ढीग दाखवला. "पुरानं आणल्यात. बाटल्या, पिशव्या. आधी ह्या येचायच्या, मग रोप."

भुशीला जरूर या, मनसोक्त भिजा. पण आणलेली बाटली परत घेऊन जा. तिथं टाकलेली इथं मावशींना वेचावी लागते.