आम्ही ड्रम घेतला त्याची हकीकत

मनुष्याच्या अंगीं एखादी हौस बाळपणीं शिरली तर तिचें कौतुक होतें. तीच चाळिशी उलटल्यावर शिरली तर घरचीं माणसें आधीं हंसतात आणि मग जमाखर्चाची वही उघडून बसतात. आमची गत अशीच झाली. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं आम्हांस ड्रम वाजविण्याचा नाद लागला. प्रसंग असा घडला कीं, शाळेच्या बँडपथकाचें काम पाहणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले, आणि शिक्षकांच्या सभेंत त्या कामासाठीं नांव सुचविण्याची वेळ आली तेव्हां सर्वांच्या माना खालीं गेल्या. आम्ही गणिताचे शिक्षक. तालाचा हिशोब तरी आम्हांस कळेल अशा समजुतीनें तें काम आमच्या गळ्यांत पडलें. मुलांस शिकवावयाचें तर आधीं आपण शिकलें पाहिजे, म्हणून पथकाचा एक जुना ड्रम आम्हीं घरीं नेला. पंधरा दिवसांनीं तो शाळेंत परत करावा लागला, त्या रात्रीं आमच्या हातांस चैन पडेना. तेव्हां स्वतःच्या पैशानें स्वतःचा ड्रम घ्यावयाचा असें आम्हीं ठरविलें. त्या खरेदींत आमच्या हातून झालेल्या चुका, व त्या कोणीं सुधारल्या, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे. विद्यार्थ्यांनीं तो छंदासाठीं वाचावा. पालकांनीं पैशासाठीं वाचला तरी चालेल.

परंतु खरेदीपूर्वीं घरची एक गोष्ट सांगणें भाग आहे. आमचे आजोबा गोदाकांठच्या एका खेड्यांत हलगी वाजवीत. ती त्यांची हौस नव्हती. गांवकीचें काम होतें. लग्न असो, मयत असो, जत्रा असो. बोलावणें आलें कीं ताटावरून उठून जावयाचें, आणि वाजवून झालें कीं लांब उभें राहून पदरांत पडेल तें घ्यावयाचें. १९५५ च्या सुमारास त्यांनीं आमच्या वडिलांस मिशनच्या बोर्डिंगांत घातलें आणि त्याच वर्षीं हलगी खुंटीस अडकविली ती कायमची, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. पुढें वडील शिक्षक झाले. घरांत बाजाची पेटी आली. परंतु काठीनें वाजणारें वाद्य घरांत येऊं नये, असा एक न बोललेला नियम होता. आम्हीं ड्रमची गोष्ट काढली तेव्हां मातोश्री एवढेंच म्हणाल्या, "तुझ्या आजानं ती खाली ठेवली, ती उगीच नव्हे." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. उत्तर न सुचल्यामुळें आम्हीं एक मूर्खपणा केला. आपण घेऊं तें वाद्य साहेबी दिसावें, इतकें चकचकीत कीं त्यांत हलगीची खूण राहूं नये, असें मनांत धरून आम्ही बाजारांत गेलों.

एका मोठ्या शहरांतील दुकानांत पांच ड्रम, दोन झांजा, बसावयाचें स्टूल व पायानें वाजविण्याचें पेडल असा सारा संच लालभडक रंगांत मांडून ठेविला होता. किंमत २२,००० रुपये. आमच्यांतील गणिताचा शिक्षक खूष झाला. त्यानें तेथल्या तेथें भागाकार केला व प्रत्येक वस्तु किती स्वस्त पडते तें पाहिलें. पण एकही वस्तु आम्हीं वाजवून पाहिली नाहीं. कारण चारचौघांसमक्ष वाजवावयाची लाज वाटली. घरीं आणून सर्व जोडल्यावर त्यांतील मुख्य जो स्नेअर ड्रम, त्यांतून पत्र्याच्या डब्यांत खडे हलवावे तसा आवाज निघाला, आणि झांजेंतून बरणीचें झांकण फरशीवर पडल्याचा. पहिला महिना आम्हीं आपल्या हातांस दोष दिला, दुसरा दुकानदारास दिला, आणि तिसऱ्या महिन्यांत याहून महाग ड्रम घेण्यासाठीं पतपेढींतून कर्जाचा अर्ज आणिला.

त्या वर्षीं आमच्या वर्गांत शेवटच्या बांकावर बसणारा एक मुलगा होता. त्याच्या अर्जांत वडिलांच्या व्यवसायापुढें "व्यापार" असें लिहिलेलें होतें. पालकसभेच्या दिवशीं त्याचे वडील सर्वांच्या मागून, अंग चोरून आले. सरावासाठीं आणिलेला आमचा ड्रम वर्गाच्या कोपऱ्यांत होता. मुलाच्या गुणांविषयीं आमचें बोलणें चाललें असतां त्यांची दृष्टि वारंवार तिकडे जाई. शेवटीं न राहवून ते म्हणाले, "सर, हात लावूं का?" त्यांनीं अंगठ्यानें कातडें दाबलें, कडेकडेनें नखानें टकटक केलें, आणि खिशांतून किल्ल्यांचा जुडगा काढिला. त्यांत घराच्या किल्लीशेजारीं ड्रमची चावी होती. "पिंपाला नांवं ठेवूं नका, सर. पिंप चांगलं आहे. पण हे आठ स्क्रू आठ गांवचे आहेत. यांना आधी एका गांवांत आणा." व्यापारी मनुष्याच्या खिशांत ड्रमची चावी कशी, हा प्रश्न आम्हीं विचारला नाहीं. मुलगा पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभा होता. हे गृहस्थ वीस वर्षें लग्नाच्या बँडांत ड्रम वाजवीत आले आहेत, हें त्यांनींच मग सांगितलें. मुलाकडे न पाहतां सांगितलें.

त्या अर्ध्या तासांत ते जें शिकवून गेले, आणि पुढें आम्हीं जें वाचून ताडून पाहिलें, तें असें. स्नेअर ड्रम म्हणजे बहुधा १४ इंच व्यासाचें व ५ ते ६.५ इंच उंचीचें पिंप. त्यास वर एक व खालीं एक अशीं दोन कातडीं असतात. खालचें अतिशय पातळ असून त्यास चिकटून पोलादी तारांची पट्टी असते. तारा बहुतकरून २० असतात. वर काठी पडली कीं आंतील हवा खालचें कातडें हलविते, तें तारांस थरारविते, आणि त्यामुळें या ड्रमचा तो खास 'सर्र' असा आवाज निघतो. तारा सैल असल्या तर खडखड होते. फार ताणल्या तर आवाज गुदमरतो. पिंप पोलादाचें, ॲल्युमिनियमचें, पितळेचें किंवा मेपल, बर्च यांसारख्या लांकडाचें असतें. धातूचा आवाज सामान्यतः लखलखीत व लांकडाचा भरीव, हा भेद खरा. परंतु नवशिक्याच्या कानास तो भेद कळण्यापूर्वीं कातडें व त्याचा ताण यांचा भेद कळतो. म्हणून पिंपावर पैसे ओतण्याआधीं कातडें नीट बसवावें. सर्व स्क्रू प्रथम बोटांनीं सारखे फिरवावे. नंतर मोटारीच्या चाकाचे नट आवळतात त्याप्रमाणें समोरासमोरचे स्क्रू चावीनें थोडे थोडे आवळीत जावें. तारा खटक्यानें सोडून ठेवाव्या आणि प्रत्येक स्क्रूपासून इंचभर आंत हलकेंच ठोकून स्वर मिळवावा. तबलजी गट्ठे ठोकून जें करितो तेंच हें.

'कातडें' हा शब्दही आतां रूढीचाच राहिला आहे. १९५० च्या दशकापर्यंत पाश्चात्य ड्रमवर वासराचें कातडें असे. दमट हवेंत तें सैल पडे व कोरड्या हवेंत ताणलें जाई. १९५६-५७ च्या सुमारास अमेरिकेंत चिक इव्हॅन्स व रेमो बेली यांनीं पॉलिएस्टरचा पडदा बाजारांत आणिला आणि हवेची कटकट बरीच कमी झाली. हें आम्हीं त्या गृहस्थांस पुढें एकदां सांगितलें, तेव्हां ते हंसून म्हणाले, "हलगीला चावी नसते सर, म्हणून तिला शेकतात." जाळाच्या उष्णतेनें कातड्यांतील ओल जाते, तें आवळतें व स्वर चढतो. जें काम चावी करिते तेंच काम विस्तव करितो. वडिलांनीं सांगितलेल्या आजोबांच्या गोष्टींत विस्तव नेहमीं असे; तो कशासाठीं, हें आम्हीं कधीं विचारलें नव्हतें.

आतां इतर साहित्य. काठ्या बहुधा हिकरी नांवाच्या अमेरिकन लांकडाच्या असतात. ५ ए या क्रमांकाची काठी सुमारें १६ इंच लांब व १४ मिलिमीटर जाड असते. शिकणारानें तीपासून आरंभ करावा. विकत घेतांना काठी टेबलावर लोळवून पहावी. वांकडी असल्यास ती अडखळत जाते. मग दोन्ही काठ्या एकाच जागीं ठोकून स्वर जुळतो कीं नाहीं तें ऐकावें. झांजेची परीक्षा घरच्या घरीं शिकतां येते. उत्तम झांजेंत ८० भाग तांबें व २० भाग कथील असतें. म्हणजे जवळजवळ आपलें कांसेंच. स्वस्त संचांतील झांज बहुधा पितळेची असते. आजीच्या कांशाच्या ताटास टिचकी मारा, मग पितळेच्या परातीस मारा. कोणता नाद अधिक वेळ टिकतो तें कान सांगतील.

कानांची गोष्ट निघाली म्हणून एक इशारा देतों. अमेरिकेंतील व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनें ८५ डेसिबलचा आवाज दिवसांतून आठ तासांपलीकडे सोसूं नये असें सांगितलें आहे. पुढें दर ३ डेसिबलांस ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलांस अवघीं १५ मिनिटें उरतात. बंद खोलींत ड्रमचा जोराचा ठोका १०० च्या पुढें सहज जातो. म्हणून कानांत घालावयाचे बोळे ही चैन नव्हे. काठ्यांबरोबरच ते घ्यावे. आमच्या या गुरूंस डाव्या कानानें कमी ऐकूं येतें. लग्नाच्या वरातींत पंधरा मिनिटांनीं थांबतां येत नाहीं.

तात्पर्य, मुलांनो, पहिली खरेदी काठ्या, बोळे व सरावासाठीं रबराची चकती, एवढीच असावी. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीनें १९८४ सालीं निश्चित केलेले ४० मूलभूत हात या चकतीवर बसवितां येतात. शेजाऱ्यांसही त्रास होत नाहीं. सहा महिने हौस टिकली तर एक स्नेअर ड्रम घ्यावा. जुना असला तरी हरकत नाहीं. मात्र कातडें काढून पिंपाच्या कडेवरून बोट फिरवावें, खांच लागूं नये. पिंप सपाट फरशीवर ठेवावें, डुलूं नये. प्रत्येक स्क्रू फिरवून व तारांचा खटका लावून-सोडून पहावा. त्यानंतर एक चांगली झांज. बाकीचे ड्रम सर्वांच्या शेवटीं. आम्हीं हें सारें उलट्या क्रमानें केलें. आमचा ड्रम पुढें नवें कातडें व नव्या तारा यांनीं सुधारला. त्यास दोन हजारांहून कमी खर्च आला. कर्जाच्या अर्जाची मागची कोरी बाजू पथकांतील मुलांच्या काठ्यांचा हिशोब करावयास उपयोगीं पडली.

ते गृहस्थ आतां लग्नसराई नसते तेव्हां शनिवारीं पथकास शिकवावयास येतात. आम्ही मुलांच्या रांगेंत बसून शिकतों. गेल्या जून महिन्यांत नवे अर्ज भरून आले, तेव्हां त्या मुलाच्या अर्जांत वडिलांच्या व्यवसायापुढें "वादक" असा शब्द होता. आधीं लिहिलेलें कांहीं खोडलेलें नव्हतें.

विस्तवाची गोष्ट आम्हीं मातोश्रींस सांगितली. त्या तांदूळ निवडीत होत्या. बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा ती खुंटीवरच होती. पण पावसाळ्यात एखाद्या रात्री सगळे निजले की मामंजी ती काढायचे, चुलीपुढं बसून शेकायचे. बोटांनी हळूच दोन ठोके, की परत खुंटीला. मी जागी असायची. कुणी बोलावलेलं नसायचं." एवढें बोलून त्यांनीं सूप उचललें आणि त्या आंत गेल्या.

ड्रम आतां घरांतच आहे. आम्ही वाजवावयास बसलों कीं मातोश्री खिडकी लावून घेतात. दार मात्र त्या उघडें ठेवतात.