तीन नंबरचं तेल

माझा थोरला भाऊ कुपवाड एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेसवर काम करतो. तेल ४६ नंबरचं की ६८चं, हे तो दोन बोटांत चोळून सांगतो. हा नंबर म्हणजे चाळीस अंश तापमानाला तेल किती दाट आहे त्याचं माप. त्याची मुलगी भौतिकशास्त्रात पीएच.डी. करते आहे. विषय, द्रवस्फटिकांचा प्रवाह. चौथं वर्ष चालू आहे, फेलोशिप कधीच वेळेवर येत नाही आणि एका खाजगी क्लासनं शिकवायला बोलावलंय. त्यामुळे घरात रोज एकच प्रश्न : याचा उपयोग काय?

घराचा हप्ता भरणारा माणूस हे विचारणारच. त्यात त्याचं काही चुकत नाही.

१८८८ साली प्रागमध्ये रायनित्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलचं एक संयुग दोनदा वितळताना दिसलं. १४५.५ अंशांना दुधाळ, १७८.५ला नितळ. मधल्या अवस्थेत ते वाहतं, पण त्याचे रेणू एकाच दिशेला कललेले असतात. पाटात सोडलेल्या उसाच्या कांड्यांसारखे म्हणा. यातून पडदा बनतो हे अमेरिकेत जाहीर झालं १९६८ला. मध्ये ऐंशी वर्षं गेली! आपल्याकडे नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. झालेले एस. चंद्रशेखर (सी. व्ही. रामन यांचे भाचे) बेंगळुरूला यावरच काम करत राहिले. चकतीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७७ला दाखवलं. तेव्हा त्याला गिऱ्हाईक कोण होतं? पुढे तसल्याच रेणूंची फिल्म पडद्यांवर बसली आणि बाजूनं बघितलं तरी चित्र नीट दिसू लागलं.

हे सगळं मी भावाला ऐकवलं. तो जेवत राहिला.

मग पुतणी बोलली. "अब्बा, तुमच्या तेलाला एक नंबर असतो. माझ्याला तीन आहेत." भावाचा हात थांबला. तिनं ताटातल्या भेंडीच्या फोडी सरळ केल्या. रेणू प्रवाहाच्या दिशेनं आडवे असले की दाटपणा सगळ्यात कमी. एका तळाकडून दुसऱ्या तळाकडे उभे केले की काही पदार्थांत चौपट होतो. वाहण्याला काटकोनात आडवे टाकले की मधला. पदार्थ तोच, तापमान तेच. पोलंडच्या मिएसोविचनं १९४६मध्ये हे तिन्ही आकडे मांडले. त्यासाठी रेणूंना चुंबकानं धरून ठेवावं लागतं. सोडले, की प्रवाह त्यांना वळवतो आणि ते वळले की प्रवाहच बदलतो. हे दोन्ही एकदम कसं मोजायचं, त्यातच तिची चार वर्षं चालली आहेत.

"म्हणजे वाहता वाहता नंबर बदलतो?" भाऊ.

"हो."

"मग डब्यावर कुठला छापायचा?"

ती हसली. त्यानं मात्र अगदी गंभीरपणे विचारलं होतं. हात धुऊन आल्यावर प्रेस गरम झाला की तेल कसं पातळ होतं, सील कशी गळते, हे तो तिला अर्धा तास सांगत बसला आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं.

क्लासला होकार-नकार पंधरा तारखेपर्यंत कळवायचाय. पत्र अजून कपाटावरच आहे.