नाव लावण्याआधी

ती. दादास,


सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यावर तुझा पहिलाच ठराव म्हणे थकबाकीदारांची नावं लिफ्टशेजारी लावायचा. वहिनीनं सांगितलं. फोनवर आपलं भांडण होईल, म्हणून लिहिते.

वसुली व्हायलाच हवी. वॉचमनचा पगार, पाण्याचं बिल बाकीच्यांनी किती काळ ओढायचं? पण तुझ्या यादीत फ्लॅट भाड्यानं देऊन मेंटेनन्स बुडवणारा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू एकाच रांगेत आहेत. काकांच्या आजारपणात त्यांचं घर धुऊन निघालं, हे तुलाही ठाऊक आहे.

रिझर्व्ह बँकेनं २०१६ मध्ये बँकांना बजावलं की फोटो छापायचा तर फक्त ‘विलफुल डिफॉल्टर’ ठरलेल्याचा, म्हणजे ऐपत असून न देणाऱ्याचा किंवा कर्जाचा पैसा भलतीकडे वळवणाऱ्याचा. तसं ठरवण्याआधीही त्याला बाजू मांडू द्यायची. तुझ्या बोर्डासमोर काकूंनी कुठे बोलायचं?

मुलुंड-भांडुपमध्ये राहून तू पीएमसी बँक कशी विसरलास? सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि सहा महिन्यांत काढायला सुरुवातीला फक्त १,००० रुपये. आयुष्यभर वेळेवर भरणारी माणसं रातोरात हप्ता, फी, मेंटेनन्स चुकवणारी झाली. बँकेच्या कर्जांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या एचडीआयएल समूहाकडे अडकलं होतं. त्याच समूहातल्या गुरुआशिष कंपनीनं २००८ मध्ये गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांना नवी घरं आणि तोवरचं भाडं द्यायचा करार केला. भाडं थांबलं, घरं झाली नाहीत, २०१८ मध्ये म्हाडानं करार मोडला. मधली वर्षं लोकांनी पदरमोड करून भाडी भरली, काहींनी तर घरं पाहण्याआधीच डोळे मिटले. यातल्या कुणाचं भाडं थकलं असेल तर त्याचंही नाव तू भिंतीवर लावशील? मला हे सहन होत नाही, दादा.

त्या फ्लॅटवाल्याला मात्र सोडू नकोस. सहकार कायद्याचं कलम १५४ब-२९ त्याच्यासाठीच आहे. रीतसर नोटीस दे, उपनिबंधकांकडे वसुली दाखल्याचा अर्ज कर. दाखला मिळाला की जमीन महसुलासारखी वसुली होते. रविवारी मी बोरिवलीहून येते, थकबाकीचा उतारा आणि ठरावाची प्रत काढून ठेव, आपण अर्ज लिहू. आणि काकूंकडे हप्त्यांचं बोलायला तू एकटा जा, कमिटी घेऊन नको.

तुझी,
ताई नव्हे, धाकटीच