आईचा डबा, मेमरी कार्ड आणि एकशे ऐंशी रुपये

मंडळी, आज राजकारण नाही. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी तुमच्याकडे एक काम आहे.

आमच्या आईकडे एक गाण्याचा डबा आहे. तुमच्याही घरात असेल. हाताच्या तळव्याएवढा, लाल प्लास्टिकचा, वर एरियल, बाजूला मेमरी कार्डाची खाच. जत्रेत, एसटी स्टँडबाहेर, पंढरपूरला मंदिराच्या वाटेवर ढिगाने मिळतो. पहाटे साडेपाचला तो सुरू झाला की आम्हाला कळतं, आई उठली.

या डब्यातल्या कार्डावर हरिपाठ, कीर्तनं, गवळणी असं बरंच काही होतं. आणि एक फाईल अण्णांची होती. अण्णा भजनी मंडळात तीस वर्षं गायले. जायच्या आदल्या वर्षी एकादशीच्या जागराला मंडळातल्या कुणीतरी मोबाईलवर त्यांचं चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं होतं. ते मी एमपी थ्री करून कार्डावर टाकलं. ज्याच्या मोबाईलवर ते मूळ होतं तो मोबाईल पुढे विकला गेला. मी दुसरी कॉपी ठेवली नाही. वीस वर्षं बातम्यांच्या कात्रणांच्या फायली करणारा माणूस मी, आणि बापाच्या आवाजाची एकच प्रत, तीही नखाएवढ्या कार्डावर.

तर झालं असं. मागच्या महिन्यात एका रविवारी आई म्हणाली, "अरे, एक नवीन कीर्तन टाकून दे." डब्याची बॅटरी उतरत होती म्हणून तो कायम चार्जरला लावलेला असायचा. मी तो काढला, कार्ड लॅपटॉपला लावलं, कॉपी सुरू केली. तेवढ्यात हायवेवर अपघात झाल्याचा फोन आला. कॉपीची पट्टी पूर्ण व्हायच्या आत कार्ड ओढून काढलं, डब्यात घातलं आणि गाडीला किक मारली.

सोमवारी पहाटे घरात शांतता. बटण दाबलं तरी दिवा लागेना. आई एवढंच म्हणाली, "बघ बाबा, काय झालंय त्याला." अण्णांचं नाव तिने काढलं नाही. ते मला जास्त लागलं.

चौकातल्या मोबाईलच्या दुकानात गेलो. पोराने डबा हातातसुद्धा घेतला नाही. "सर, याचं काम होत नाही. फेका. साडेचारशेला नवीन देतो." चूक त्याचीही नाही म्हणा. तासभर खपून शंभर रुपये मिळणार असतील तर तो नवीनच विकणार.

मग आठवलं, जुन्या बाजारपेठेत रेडिओ-टेप दुरुस्त करणारे एक काका अजून बसतात. सत्तरी ओलांडलेली, चार बाय सहाची जागा. त्यांनी डबा उलटा केला, चार स्क्रू काढले आणि म्हणाले, "बसा. घाई असेल तर उद्या या." मी बसलो.

त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. आधी दुसरी केबल, दुसरा चार्जर लावून पाहिला. चार्जर असताना दिवा मिणमिणला, काढला की गेला. म्हणजे चार्जिंगची खाच शाबूत, दोष बॅटरीचा. बॅटरी बाहेर काढली, मीटर लावला. ३.७ व्होल्टची बॅटरी १.९ दाखवत होती. "गेली ही. फुगली पण आहे. हिला टोचू नका, दाबू नका, पेट घेते." बॅटरी टेकते त्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. त्या खोडरबराने घासल्या, चिमट्याने थोड्या वर उचलल्या आणि नवीन बॅटरी बसवली.

ती बॅटरी कुठली, ऐका. बीएल-५सी. नोकियाच्या ११०० फोनमध्ये असायची तीच. तो फोन २००३ साली आला होता. फोन कधीच गेले, पण बॅटरीचा तो आकार टिकला आणि आजही तालुक्याच्या गावात मिळतो. म्हणून हा स्वस्तातला डबा दुरुस्त होऊ शकला. पाच मिनिटांत एफएम लागला. स्पीकर ठीक, बोर्ड ठीक.

कार्ड मात्र वाजेना.

काकांनी स्वतःचं एक कार्ड घातलं, ते लगेच वाजलं. म्हणजे खाचही ठीक, आमच्या कार्डातच गडबड. माझ्या मोबाईलमध्ये घातलं तर पाटी आली, कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा. माझा अंगठा सवयीने बटणाकडे गेला होता. काका ओरडले, "दाबू नका! आत काही ठेवणीतलं आहे का?" मी हो म्हणालो. "मग आता या कार्डावर एक अक्षर लिहायचं नाही. हे माझं काम नाही, कॉम्प्युटरवाल्याचं आहे."

बॅटरीचे एकशे तीस, मजुरीचे पन्नास. एकूण एकशे ऐंशी.

रात्री लॅपटॉपला कार्ड लावलं. कार्डाचा आकार आठ जीबी बरोबर दिसत होता, पण आत काही दिसत नव्हतं. पुस्तक जागेवर आहे आणि अनुक्रमणिकेची पानं फाटलीत, असा हा प्रकार. कॉपी चालू असताना कार्ड ओढलं की हे होऊ शकतं. दोष डब्याचा नव्हता, माझा होता.

फोटोरेक नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. ते अनुक्रमणिका सोडून देतं आणि पानं चाळत फाईल ओळखतं. नियम एकच, सापडलेल्या फायली त्याच कार्डावर उतरवायच्या नाहीत, दुसरीकडे ठेवायच्या. अर्ध्या तासात दोनशेच्या वर फायली बाहेर आल्या. पण नावं गेलेली, नुसते आकडे. मग आकारमानाने क्रम लावला. पाच मिनिटांचं गाणं साधारण पाच एमबी, चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग अडतीसच्या आसपास. मोठ्या फायली एकेक लावत गेलो. कीर्तन, कीर्तन, प्रवचन, परत कीर्तन. बारावी लावली तर पेटीचा सूर आणि कुणीतरी खाकरलं. आई आतल्या खोलीतून म्हणाली, "हे बघ, सुरू करताहेत."

तिने शब्द ऐकलेच नव्हते. खाकरण्यावरून ओळखलं.

चाळीसपैकी सत्तावीस मिनिटं मिळाली, पुढचं गेलं. शेवटची भैरवी त्यातच होती. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं आहे ना." आता त्या सत्तावीस मिनिटांच्या प्रती माझ्याकडे, ताईकडे आणि एका पेनड्राइव्हवर आहेत.

आता थोडं सार्वजनिक. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं त्यात येतात. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कागदावर चांगलं आहे. पण ती फुगलेली बॅटरी हातात घेऊन मी गावात फिरलो, द्यायला जागा सापडली नाही. घंटागाडीवाला म्हणाला, "साहेब, सुक्यात टाका." सुक्यात टाकली आणि दाबली गेली तर आग लागू शकते. शेवटी काकांकडेच परत नेली. त्यांच्याकडे अशा बॅटऱ्यांचा बिस्किटाचा डबा भरलाय. तेही वाट बघताहेत, कुणी नेईल म्हणून.

युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम केला, की फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक लहान उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्या जत्रेतल्या लाल डब्यात ती सोय आधीपासून आहे, आणि हजारो रुपयांच्या कानातल्या इयरबडमध्ये नाही, तिथे सगळं चिकटवलेलं. वस्तू घेताना आपण कॅमेरा विचारतो, आवाज विचारतो. बॅटरी निघते का आणि भाग मिळतात का, हेही विचारायला लागू.

काकांचा मुलगा पुण्याला नोकरी करतो. दुकान पुढे चालणार नाही, हे काका स्वतःच सांगतात.

म्हणून तुमचं काम. आपल्या गावात मिक्सर, रेडिओ, पंखा, शिलाई मशीन, घड्याळ, काहीही दुरुस्त करणारं कोण, कुठल्या गल्लीत बसतं, ते कमेंटमध्ये लिहा. फोन नंबर त्यांना विचारूनच टाका. मी एकत्र यादी करून इथे लावतो. वापरलेल्या बॅटऱ्यांसाठी एक पेटी ठेवावी, असा अर्ज मी सोमवारी नगरपालिकेत देतोय. सोबत सही करायला कोण येतंय तेही सांगा.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज कुठे एकाच ठिकाणी असेल, तर आज रात्री त्याची दुसरी कॉपी करा. कॉपी पूर्ण होईपर्यंत कार्ड ओढू नका. फोन वाजला तरी.