डिअर स्पॉन्सर, पत्रास कारण की...

‘घरून काम करते’ म्हटलं की आपल्या नागपुरात लोक दोनच निष्कर्ष काढतात. पोरगी आयटीत आहे, नाहीतर रिकामी आहे. मी दोन्ही नाही. फ्रीलान्स पत्रकारितेवर स्कूटीचा हप्ता निघतो, घरभाडं निघत नाही. म्हणून रोज दुपारी कूलरसमोर बसून मी मुलांची पत्रं इंग्रजीत करते. विदर्भातल्या खेड्यांतली ही मुलं. त्यांच्या शिक्षणाचा खर्च परदेशातला कुणीतरी उचलतो आणि वर्षातून दोनदा मुलाने त्याला पत्र लिहायचं, असा संस्थेचा शिरस्ता. दाते म्हणजे कुणी अब्जाधीश नव्हेत हं! निवृत्त नर्स, बसड्रायव्हर, असेच लोक.

मास कॉमला भाषांतराचा पेपर होता, पण त्यात ‘सांबार’ नव्हता. ‘आईने भाजीत सांबार टाकला’ हे वाचून पुण्याचा भाषांतरकार थेट इडलीपर्यंत पोचेल. आपल्याकडे ती कोथिंबीर! ‘बाबांनी बंडीभर पऱ्हाट्या आणल्या’ म्हणजे बैलगाडीभर कपाशीची वाळकी झाडं, चुलीसाठी. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार फिरणं समजावताना माझं इंग्रजी अर्धा पान खातं. उलट्या बाजूनेही गंमत असते. तुमच्याकडे बर्फ पडतो का, या प्रश्नाला एकाने लिहिलं, ‘पडत नाही. गोळ्याच्या गाडीवर असतो.’ यात मी एक शब्दही बदलला नाही.

ही आयडिया तशी जुनी आहे. आजची ‘प्लॅन इंटरनॅशनल’ १९३७ मध्ये स्पेनच्या यादवीतल्या मुलांसाठी सुरू झाली, ती अशाच ‘एक दाता, एक मूल’ तत्त्वावर. आपल्याकडे तर गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यात मिंधेपण होतंच. पण जेवणारा आणि वाढणारी एकमेकांचा चेहरा तरी बघत. इथे मधे मी, माझा लॅपटॉप आणि नियमांची यादी. गावाचं नाव, आडनाव, शाळा सगळं खोडायचं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी हे हवंच, त्याबद्दल तक्रार नाही.

आणि हे नातं कच्च्या धाग्याचं असतं. मार्च २०१७ मध्ये ‘कम्पॅशन इंटरनॅशनल’ला भारतातलं काम बंद करावं लागलं. सरकारचा धर्मांतराचा आरोप, संस्थेचा इन्कार, परदेशी पैसा अडला. जवळपास १ लाख ४५ हजार मुलं त्यांच्याकडे होती. पुढे सप्टेंबर २०२० च्या कायदादुरुस्तीने परदेशी निधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच घेणं सक्तीचं झालं, आणि एका संस्थेने तो दुसरीला देणं बंद झालं. दुसऱ्यांच्या निधीवर चालणाऱ्या लहान संस्थांची यात पंचाईत झाली. अशा वेळी पैशाची सोय कुठून तरी होईलही, पण पत्राची वाट बघणाऱ्या पोराला काय सांगायचं, बॉस?

मला मात्र वेगळीच गोष्ट टोचते. दाता निवडतो एक मूल, घरात असतात तीन. म्हणूनच अनेक मोठ्या संस्था पैसा एका मुलाच्या हातात न देता गावाच्या शाळेवर, पाण्यावर खर्च करतात. फोटो मात्र एकाच मुलाचा जातो. गेल्या दिवाळीनंतर सातवीतल्या एका मुलाने लिहिलं, ‘मी वर्गात दुसरा आलो. यंदा कापूस बुडाला. ताई आता शाळेत जात नाही, वावरात जाते.’ पत्रात पैसे मागायचे नाहीत हा नियम, म्हणून कोऑर्डिनेटर मॅडमचा फोन आला, शेवटचं वाक्य काढा. मी म्हटलं, मॅडम, यात त्याने मागितलंय काय? बातमी दिलीय. बराच वेळ वाद झाला. वाक्य राहिलं.

परवा उत्तर आलं. दोन पानं कुत्र्याबद्दल, मग खाली एकच ओळ : ताई कितवीत होती? मी मराठी करून लगेच पाठवलंय. गावात पोचायला तीन आठवडे लागतात.